उलट्या यंत्राची चाचणी

खुर्चीत बसून केलेल्या कामाला मी सहसा काम म्हणत नाही. माजिदाच्या कामाला म्हणतो. का, ते लिहितो.

माजिदा आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहते, आई फिरदोससोबत. घर सत्तर फूट रोडच्या मागच्या गल्लीत आहे. मी कापडगिरणीच्या वाइंडिंग खात्यात फिटर होतो, फिरदोसभाबी त्याच खात्यात सुताचे कोन भरायला होत्या. गिरणी बंद पडली. भाबींचे मालक ट्रकवर होते, ते वारले. मग मायलेकी वर राहायला आल्या. माजिदा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आता पस्तिशीला आली.

पोटासाठी ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. पहाटे सुरू करते आणि दुपारी उरकते. जेवते, थोडी आडवी होते. चार वाजता माझ्या डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. ते तिचं दुसरं काम. त्याचा पगार नाही.

त्या कामाबद्दल मी तिला बरेचदा विचारलं. तिनं न कंटाळता सांगितलं, म्हणून मला लिहिता येतंय.

जगात काही लोक मिळून संगणकाची एक प्रणाली बांधतात आणि फुकट वाटतात. कॉलेजं, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, कोणीही घ्यावी. तिच्यात हजारो प्रोग्रॅम असतात. प्रत्येक प्रोग्रॅम कोणीतरी कुठंतरी आपल्या सोयीनं लिहिलेला असतो. तो दुसऱ्याच्या यंत्रावर न अडता बसावा, शेजारच्या प्रोग्रॅमच्या पायात येऊ नये, म्हणून त्याची नीट बांधणी करायची आणि पॅकेज करून ठेवायचं. माजिदा ते करते. दोन वर्षांतून एकदा प्रणालीची नवी आवृत्ती निघते. त्याआधी दार बंद होतं. दार बंद झालं की आत नवं काही जात नाही, फक्त चुका दुरुस्त होतात.

"फुकट करतीस, आणि वर लोकं तुझं काम तपासत्यात?" मी एकदा म्हणालो.

"तपासतातच की, काका. फुकटचं म्हणून कसंही दिलं तर घेईल कोण?"

हे उत्तर मला पटलं. आमच्या खात्यात असं बोलणारे फार नव्हते.

तिच्याकडे एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांचं कपाट नाही. अनेक प्रोग्रॅमना लागणारं एखादं काम एकदाच नीट लिहून ठेवतात, बाकीचे ते उचलून वापरतात, त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. माजिदाची लायब्ररी मोठ्या नकाशाचे गट पाडून देते. कुठला ठिपका कुठल्या गटात, ते आकड्यांच्या ओळीत लिहून देते.

ही लायब्ररी बांधतानाच एक गोष्ट ठरवावी लागते. एकेक आकडा ठेवायला चार खण द्यायचे की आठ. चार खणांत मोठा आकडा मावत नाही. आठ खणांत मावतो, पण जागा दुप्पट लागते. एकदा बांधली की बदलता येत नाही. आणि जो प्रोग्रॅम ती वापरतो, त्यानंही तितकेच खण धरायला हवेत.

इतकी वर्षं ती चार खणांची होती. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या परदेशातल्या काही मंडळींनी विनंती केली, आमचे ठिपके चार खणांत मावत नाहीत, आठची द्या. माजिदानं ते काम अंगावर घेतलं. लायब्ररी वापरणारा एकेक प्रोग्रॅम उघडून पाहिला, जिथं चार धरले होते तिथं बदलले. वर्षभर चार वाजता खुर्ची याच कामासाठी सरकत होती. इतरांचं पॅकेज सांभाळणं वेगळं, पण हा बदल पहिल्यापासून तिचा होता. या आवृत्तीत तो जाणार होता, तिच्या नावानं.

"नाव कुटं दिसंल?" मी विचारलं.

"आत कुठंतरी बारीक अक्षरात. कोणी वाचत नाही."

"मग?"

"मी वाचीन की."

भाबी चहा गाळत होत्या. "दिनभर मशीन से बातां करती," त्या मला म्हणाल्या, "हमारे से नै. बिरुभाऊ, तुमीच सांगा हिला."

"मी काय सांगणार भाबी. तुमी बॉबिनशी बोलत होता, मी ऐकलंय."

"वो शिव्या थे."

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी, शिवानंद आला. तो माजिदाच्या वर्गातला. दुधनीचा. इथं एका कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीला गावी जातो. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि भाबींशी जमेल ते. पाठीवरची पिशवी त्यानं खाली ठेवली नाही. त्यावरून मला कळलं की हा भांडायला आलाय.

"माजिदा मॅडम," तो म्हणाला, "आमची विहीर तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकली."

"बस आधी. काय झालं?"

शिवानंदचं काम मला माहीत होतं. दुधनीच्या शिवारातल्या विहिरींची पाणीपातळी तो दोन वर्षं मोजत होता. कुठल्या विहिरी जमिनीखालून एकाच पाण्यावर आहेत, हे काढून त्यांचे गट पाडायचे. एका गटातल्यांनी उन्हाळ्यात पाळीपाळीनं उपसा करायचा, म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं पुरेल. गावानं हे मान्य केलं होतं. गटांचा नकाशा ग्रामसभेत ठेवायचा होता. भूजलाचा एक जुना प्रोग्रॅम तो वापरत होता आणि तो प्रोग्रॅम माजिदाची लायब्ररी वापरत होता. कॉलेजच्या यंत्रांवर हीच फुकटची प्रणाली होती. तिच्याबाहेरचं काही बसवायला तिथं परवानगी नव्हती.

त्यानं लॅपटॉप उघडला. त्यावर त्यानं येणारी आवृत्ती आधीच, कच्ची असतानाच, बसवून घेतली होती. "हे आमचं रान. ही आमची विहीर, ही चुलत्याची. एकाच बांधाला दोन्ही बाजूंनी. पातळी बरोबर उतरते, बरोबर चढते. हे माझे आकडे. आणि ही आमची सहाव्या गटात, चुलत्याची पहिल्या गटात. पहिला गट कुठाय बघ. गावाच्या त्या टोकाला."

"आकडे भरताना चुकला असशील."

"तीनदा भरले."

"जुन्या नकाशात काय होतं? मागच्या वर्षी काढला होतास की."

"मागच्या वर्षी दोन्ही एका गटात होत्या. तवा तुमची लायब्ररी वेगळी होती, हौदु ना? तुम्ही नवी दिली आणि चुलता घराबाहेर गेला."

माजिदा हसली. मग हसू थांबलं. तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि नकाशा बाजूला करून आकड्यांची ओळ काढली. मीही वाकून बघितलं. पाच, शून्य, तीन, शून्य, सात, शून्य.

"एकाआड एक शून्य," मी म्हणालो.

"शून्य म्हणजे पहिला गट," शिवानंद म्हणाला. "गट शून्यापासून मोजतात, म्हणून मला संशय आला नाही. पहिला गट मोठा आहे एवढंच वाटलं."

माजिदा उठून आपल्या यंत्राशी गेली. काहीतरी जुनं शोधून काढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"शिवा," ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. मला हे कळवण्यात आलं होतं. मी तोंड बंद केलं."

"कुणाचं?"

"यंत्राचं."

मग तिनं आम्हा दोघांना सांगितलं. शिवानंदला त्यांच्या भाषेत, मला माझ्या.

पॅकेज बांधलं की ते निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर आपोआप चालवून बघतात. त्याला चाचणी म्हणतात. त्यात एक जात उलटी आहे. बाकीची यंत्रं आकडा खणांत एका टोकापासून लिहितात, हे दुसऱ्या टोकापासून. ही यंत्रं फार थोडी उरलीत. भूजलाचा प्रोग्रॅम तर त्यावर कोणीच चालवत नाही. नव्या लायब्ररीबरोबर तो प्रोग्रॅम बाकी सगळ्या यंत्रांवर पास झाला, उलट्यावर नापास. माजिदाला वाटलं, उलट्या यंत्राचंच काहीतरी खूळ असणार. तिनं एक ओळ लिहिली: या यंत्रावर ही चाचणी वगळा. तपासणारे म्हणाले, ठीक आहे. सगळेच असं करतात.

"आणि चूक काय होती?" मी म्हणालो.

"या प्रोग्रॅमनं खणांची नोंद स्वतःच्या पोटात ठेवली होती. चार. लायब्ररीला विचारलंच नाही. मी वरवर शोधलं, मला सापडली नाही. आता काका, लायब्ररी पाच हा आकडा आठ खणांत लिहिते. पहिल्या खणात पाच, मागचे सात रिकामे. प्रोग्रॅम चार-चार खण वाचतो. पहिल्या चारांत पाच मिळाला. पुढचे चार रिकामे, म्हणजे शून्य. मग तीन, मग शून्य."

"आन् निम्मी ओळ शेवटाला राहूनच गेली."

"हो. आणि चाचणी फक्त पहिला आकडा बघत होती. पहिला बरोबर येतो. उलटं यंत्र पाच शेवटच्या खणात लिहितं. त्यामुळं तिथं पहिलाच शून्य आला. म्हणून ते एकटं नापास झालं."

भाबी दारात उभ्या होत्या. त्यांना यातलं किती कळलं ते माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "कोन मिसळ गया."

वाइंडिंग खात्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. विसाचं सूत आणि बाविसाचं सूत डोळ्यांना सारखंच दिसतं. हातालाही. म्हणून प्रत्येक नंबराला वेगळ्या रंगाचा कागदी कोन. घाईत एक कोन चुकीच्या रंगावर भरला गेला तर मागावर काही कळत नाही, तागा छान उतरतो. रंगखात्यातून आला की त्यावर पट्टे. तोवर सगळं विणून झालेलं असतं.

"हौ, अम्मी," माजिदा म्हणाली. "दोन मापं, आणि दोन्हीच्या कोनाला रंग एकच. नाव एकच ठेवलं मी. तिथंच चुकलं."

शिवानंदनं पिशवी खाली ठेवली. "सोपं आहे मग. प्रोग्रॅमच्या पोटातली चारची नोंद आठ कर."

"बघते."

तिनं बघितलं. तो प्रोग्रॅम फार जुना निघाला. चार हे माप त्यात जागोजागी मुरलेलं होतं, नोंद फक्त एका जागी होती. नोंद बदलली असती तर इथलं शून्य गेलं असतं आणि आत दुसरीकडं कुठंतरी उगवलं असतं. तिनं दोनतीन जागा आम्हाला दाखवल्या. मला अक्षरं कळली नाहीत, पण शिवानंदचा चेहरा कळला.

प्रणालीच्या लोकांना तिनं त्याच दिवशी कळवलं. स्वतःचं नाव घालून, सगळ्यांना दिसेल असं. चाचणी मी वगळली, निकाल चुकीचे येताहेत, कोणी वापरू नका. दुसऱ्या दिवशी एका जुन्या जाणत्याचं उत्तर आलं. तिनं मला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं असं, की दार बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत. भूजलाचा प्रोग्रॅम वापरणारे जगात मूठभर आहेत. तो या आवृत्तीतून काढून टाका. आठ खणांची लायब्ररी राहू द्या, तिच्यावर तुम्ही वर्ष घालवलंय.

वाईट सल्ला नव्हता तो. त्यात तिचं काम वाचत होतं.

शिवानंद फोनवर होता. "टाक काढून," तो म्हणाला. "मी मागच्या आवृत्तीवर नकाशा काढतो. ग्रामसभा भागेल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"कॉलेज यंत्रं नवी करेल तेव्हा तुझी पोरं कशावर काढतील?"

"माजिदा, तू वर्षभर बसलीस गं त्यावर. माझ्यासाठी नको करूस."

"तुझ्यासाठी कुठं? तू आलास म्हणून कळलं. दुसरा कोणी आला नाही, त्याचं काय झालं असेल ते मला माहीत नाही."

फोन ठेवून ती गच्चीच्या पायरीवर येऊन बसली. मी तिथं टाकीची तोटी बदलत होतो.

"काका, सरळ वाट एकच आहे. दोन्ही मापं शेजारी शेजारी ठेवायची. वेगळ्या नावानं. नुसतं बाहेरचं नाव नाही, आतल्या प्रत्येक कामाचं नाव वेगळं करायचं. म्हणजे एकाच यंत्रात दोन्ही उघडल्या तरी गल्लत होणार नाही."

"मग कर की."

"नवं नाव आलं की नवी तपासणी. तिथं रांग असते. दार बंद व्हायच्या आत नंबर लागेल असं वाटत नाही."

"आन् तवर?"

"तोवर जुन्या नावाखाली चुकीचं माप तसंच राहणार. ते ठेवता येत नाही. म्हणजे आधी जुन्या नावावर परत चार खण. मग आठवाली नव्या नावानं रांगेत."

"नंबर न्हाय लागला तर?"

"या आवृत्तीत नसेल."

मी तोटी घट्ट केली. कुठली वाट सरळ, हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं. तिला फक्त कोणाला तरी मोठ्यानं सांगायचं होतं.

पुढचे दिवस मी तिचं काम पाहिलं. कंपनीतून तिनं सुट्टी घेतली. आधी लायब्ररी परत चारची केली. जे प्रोग्रॅम तिनं वर्षभर आठला जुळवत आणले होते ते एकेक परत बांधले, परत तपासले. स्वतःच्या हातानं उसवण्याचं हे काम. मी गिरणीत पाहिलंय, भरलेला बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, उलटा सोडायला कोणी राजी नसायचं, आणि लागलाच तर रागात सोडायचे, सूत तुटायचं. हिचं सूत तुटलं नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या माणसाला तिनं वेगळं पत्र लिहिलं, काय बदललं, का बदललं. समुद्रवाल्यांनाही लिहिलं. मग आठची लायब्ररी घेतली आणि आतल्या प्रत्येक नावाला खूण जोडत गेली. ते यंत्राला सांगून होतं म्हणे. तिनं सांगितलं, मग एकेक नाव डोळ्यांनी पाहिलंही.

"यंत्रानं केलंय ना? मग बघतीस कशाला?" मी मुद्दाम विचारलं.

"मागच्या वेळी यंत्राचं ऐकलं नाही. आता नुसतं यंत्राचंच ऐकायचं का?"

चाचणीही तिनं दुरुस्त केली. आता ती पहिला आकडा न बघता सगळी ओळ बघते. आणि ती वगळण्याची ओळ खोडली.

आठची लायब्ररी रांगेत गेली. माजिदा कंपनीच्या कामावर परत गेली. चार वाजता खुर्ची सरके, आणि थोड्या वेळानं परत मागे सरके. रांग हलली का, एवढंच बघत होती.

ग्रामसभा आधी झाली. शिवानंदनं चार खणांवर नकाशा नव्यानं काढून नेला होता. रात्री घरी पोचून त्यानं फोन केला. माजिदानं तो स्पीकरवर टाकला.

"काय झालं सभेत?"

"मी खरं सांगितलं. पहिला नकाशा चुकला होता, हा दुसरा. तर एक म्हातारा उठला. म्हणाला, मास्तर, तिसरा कवा येणार?"

भाबी हसल्या.

"मग?"

"मग मी बांधावरच्या दोन विहिरी दाखवल्या. म्हणालो, तुमच्या तुमच्या विहिरी बघा, जिच्याबरोबर उतरते तिच्याच गटात आहे का सांगा. तासभर नुसता गोंधळ. प्रत्येकानं आपापली बघितली. शेवटी पाळ्या ठरल्या."

"चुलते?"

"गटात आले परत. पाळीवरून भांडण सुरू झालंय. नकाशा बरोबर आहे म्हणायचा."

दार ठरल्या दिवशी बंद झालं. आठची लायब्ररी रांगेतच होती. त्या दुपारी खुर्चीचा आवाज आला नाही, म्हणून मी वर गेलो. माजिदा भाबींबरोबर शेंगा फोडत बसली होती.

"न्हाय लागला नंबर?"

"नाही."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं. तशी रांगेतून निघाली की बाहेरून घेता येईल, ज्याला हवी त्याला. समुद्रवाले घेतील. पण आवृत्तीत नाही."

भाबी शेंगा पाखडत म्हणाल्या, "नक्को तो नक्को. कपडे पे पट्टा नै आया ना?"

"नै आया, अम्मी."

"फिर?"

माजिदानं पुढची शेंग उचलली. ते 'फिर' तिला पुरलं नव्हतं. वर्षाचं काम बाहेर राहिलं होतं आणि ते कशानं भरून येणार नव्हतं. मीही समजूत घातली नाही. शेंगा घेतल्या आणि फोडायला बसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काका, एक दाखवते." फोन काढला. यंत्रांच्या जातींची यादी होती, प्रत्येकीपुढं हिरवी खूण. बोट खाली नेऊन तिनं उलटं यंत्र दाखवलं. त्याच्यापुढंही हिरवी.

"ह्याच्यावर कोणी विहिरी मोजत न्हाय म्हणालीस."

"कोणीच नाही."

"तरी चालवून बघतंय?"

"रोज. सांगितलंय तसं."

तिनं फोन ठेवला.

दोनतीन दिवसांनी रांगेतल्या तपासनिसाचं पत्र आलं. आठच्या लायब्ररीत एका फाइलवर मूळ लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं राहिलं होतं. ते देऊन पुन्हा पाठवा. आता घाई नव्हती. आवृत्ती गेलेली होती, दोन वर्षांत कधीही पाठवलं असतं तरी चाललं असतं.

त्याच दुपारी वर खुर्ची सरकली. चार वाजलेच असणार, मी घड्याळ बघितलं नाही.